शाळेचे ९२, बोर्डाचे ७१: मार्क फुगलेत का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगावात दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक चौकातल्या फ्लेक्सवर, हार घातलेल्या मुलांच्या फोटोंची. दुसरी आरपीडी, जीएसएस, आरएलएस यांसारख्या कॉलेजांत पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) फॉर्म आणायला आलेल्या पालकांची. त्या दुसऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “नववीपर्यंत कधी नव्वदच्या खाली आलं नाही ओ आमचं पोरगं, मग दहावीलाच असं कसं झालं?”

पेपर अवघड होता, पोरगं घाबरलं, तपासणारा कडक निघाला, अशी कारणं घरोघरी शोधली जातात. पण पोराचा अभ्यास तोच असतो, फक्त मार्क देणारा बदललेला असतो. नववीपर्यंत शिकवणारी, पेपर काढणारी, तपासणारी आणि निकाल सांगणारी शाळा एकच, आणि पुढच्या वर्षाची फी घेणारीही तीच. अशा ठिकाणी मार्क थोडे सढळ हाताने पडले तर कुणीच तक्रार करत नाही. पालक खूश, मूल खूश, प्रिन्सिपल खूश.

मी दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते. जूनमध्ये नवी मुलं प्रगतिपुस्तक घेऊन येतात, आणि मी पहिल्याच आठवड्यात त्यांना बोर्डाच्या जुन्या पेपरांतले, नववीपर्यंतच्या अभ्यासावर सुटणारे प्रश्न सोडवायला देते. त्या कागदावरचे मार्क आणि प्रगतिपुस्तकातले मार्क शेजारी ठेवले की पुढचं वर्ष कसं जाणार ते बरंचसं कळतं. पालकांनी हेच काम दहावीच्या जूनपर्यंत थांबून न राहता सातवी, आठवी किंवा नववीत स्वतः करावं, म्हणून हा लेख. मुलाखत घेऊन, डोनेशन घेऊन, निवडून मुलं भरणाऱ्या खाजगी शाळांत ज्यांची मुलं आहेत त्यांना तो जास्त लागू पडेल. बोर्ड राज्याचं असो, सीबीएसई असो की आयसीएसई.

एक गोष्ट आधीच सांगते. “मार्क जास्त आहेत का?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हुशार मुलाला मार्क जास्तच पडतात. “एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी दिलेले मार्क जुळतात का?” या प्रश्नाला मात्र उत्तर आहे आणि ते घरी काढता येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

२० मार्कांचं गणित

पायऱ्यांकडे जाण्याआधी फुगवटा कुठून शिरतो ते बघू. एसएसएलसी ६२५ मार्कांची. पहिली भाषा १२५ ची, त्यात १०० लेखी आणि २५ अंतर्गत. बाकीचे पाच विषय १०० चे, प्रत्येकी ८० लेखी आणि २० अंतर्गत. म्हणजे ६२५ पैकी १२५ मार्क शाळेच्या हातात आणि ५०० बोर्डाच्या. सीबीएसईच्या दहावीलाही मुख्य विषयांत ८० आणि २० अशीच वाटणी आहे. आयसीएसईला बहुतेक विषयांत तीच, आणि कॉम्प्युटरसारख्या तिसऱ्या गटातल्या विषयांत तर निम्मे मार्क अंतर्गत.

आता समजा शाळेने सरसकट सगळ्यांना पूर्ण अंतर्गत मार्क दिले. लेखी परीक्षेत बरोबर निम्मे मिळवणाऱ्या मुलाचे होतात २५० अधिक १२५, म्हणजे ३७५. टक्केवारी ६०. ज्याला निम्मा पेपर आला नाही त्याच्या हातात फर्स्ट क्लास. लेखीत ७० टक्के असतील तर एकूण ७६ होतात, ९० असतील तर ९२. नीट बघा, हुशार मुलाला या खैरातीचा फायदा दोन टक्क्यांचा, मध्यम मुलाला दहाचा. म्हणून फुगवट्याने फसायची पाळी टॉपरच्या घरावर सहसा येत नाही. “बरं चाललंय की” असं वाटणाऱ्या साठ-सत्तर टक्क्यांच्या घरावर येते.

या २० मार्कांचं वजन किती, हे शेजारच्या महाराष्ट्राने जाहीरपणे बघितलं. २०१९ च्या दहावीला तिथल्या बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मार्क काढून टाकले. २०१८ चा ८९.४१ टक्क्यांचा निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत आले, आणि २०२० चा निकाल लागला ९५.३०. अभ्यासक्रमही २०१९ लाच बदलला होता आणि २०२० ला कोविडमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्यामुळे सगळं खापर या २० मार्कांवर फोडता येणार नाही. तरी चंदगड-गडहिंग्लजकडचे नातेवाईक त्या दोन वर्षांची टक्केवारी सांगायला लागले की हे आठवावं.

आपल्याकडेही २०२४ ला असंच झालं. एसएसएलसीच्या केंद्रांतलं चित्रीकरण थेट बघायची सोय झाली, कॉपीला आळा बसला, आणि आदल्या वर्षीचा ८३.८९ टक्के निकाल ७३.४० वर घसरला. तोही ग्रेस मार्कांची मर्यादा १० वरून २० टक्के केल्यानंतर. त्याच वर्षी सीबीएसईने जवळपास ५०० शाळांना कळवलं की तुमच्याकडच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांच्या बाबतीत काही विषयांत थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या मार्कांत फार तफावत आहे, प्रॅक्टिकल नीट घ्या. थोडक्यात, ही शंका संशयी पालकांच्या डोक्यातून निघालेली नाही. बोर्डालाही ती आली आहे.

पहिली पायरी: अक्षरांमागचे आकडे काढा

बऱ्याच शाळा प्रगतिपुस्तकात नुसत्या ग्रेड लिहितात. ग्रेड बघून समाधान मानू नका, प्रत्येक विषयाचे लेखी मार्क वेगळे आणि अंतर्गत मार्क वेगळे मागा. राज्य बोर्डाच्या शाळेत एफए (वर्षभर चालणारं मूल्यमापन) आणि एसए (सत्राच्या शेवटची परीक्षा) वेगळे असतात. एफएमध्ये प्रोजेक्ट, वही, तोंडी, उपक्रम हे सगळं येतं. आपल्याला हवे आहेत एसएच्या लेखी पेपरचे मार्क.

तेच अक्षर सगळीकडे सारखं नसतं, हेही लक्षात ठेवा. एसएसएलसीत ए प्लस म्हणजे ६२५ पैकी ५६३ पासून पुढे. सीबीएसईच्या शाळेत नववीला ए वन म्हणजे ९१ ते १००. पण दहावीच्या बोर्डाच्या निकालात सीबीएसई ए वन देतं ते मार्कांच्या आकड्यावर नाही, तर त्या विषयात पास झालेल्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना. नववीचा ए वन आणि दहावीचा ए वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गोष्ट पालकसभेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

दुसरी पायरी: पेपर आणि उत्तरपत्रिका हातात घ्या

मार्क फुगवायला तपासणी सैल करावीच लागते असं नाही. बहुतेक वेळा फुगवटा पेपरातच असतो. परीक्षेच्या आठ दिवस आधी वर्गात “इम्पॉर्टंट” लिहून दिलं जातं, पोर्शन दोन-तीन धड्यांपुरता ठेवला जातो, आणि पेपरात त्याच यादीतले प्रश्न शब्दही न बदलता येतात. मूल खरोखरच ८० पैकी ७५ चा पेपर लिहितं. तपासणी चोख, मार्क चोख, आणि तरीही त्या ७५ मधून काही कळत नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका आणि वही शेजारी घेऊन बसा. पेन्सिलने प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: हा वहीत जसाच्या तसा आहे का, पुस्तकातल्या स्वाध्यायातला आहे का, की मुलाने कधीच बघितलेला नाही? गणितात आकडे तेच ठेवून विचारलेलं उदाहरण “वहीतलं” धरा. भाषेत निबंधाचा विषय आधीच पाठ करून घेतलेला असेल तर तोही. ८० पैकी किती मार्कांचे प्रश्न तिसऱ्या खुणेचे निघतात ते मोजा. सीबीएसईने नववी-दहावीसाठी साधारण निम्मे मार्क आकलन आणि उपयोजन तपासणाऱ्या प्रश्नांना ठेवले आहेत. तुमच्या शाळेच्या पेपरात असे प्रश्न दहा मार्कांचेही नसतील, तर कारण सापडलं म्हणून समजा.

उत्तरपत्रिका घरी देत नाहीत, अशी तक्रार नेहमीची. सह्या करायला एक रात्र देतात तेव्हा मोबाइलवर सगळी पानं टिपून ठेवा. तेही नसेल तर पालकसभेच्या दिवशी अर्धा तास जास्त मागून तिथेच बघा.

तिसरी पायरी: दुसऱ्याकडून तपासून घ्या

फोटोंच्या झेरॉक्स काढा, मार्कांवर कागद चिकटवा आणि ती उत्तरपत्रिका शाळेशी काही संबंध नसलेल्या शिक्षकाकडे द्या. नात्यात एखादी निवृत्त शिक्षिका असतेच. नसेल तर दुसऱ्या शाळेत शिकवणारं शेजारचं कुणी. त्यांना शाळेने दिलेला आकडा सांगू नका. मूल कुणाचं हेही नाही सांगितलं तर उत्तम, कारण ओळखीच्या मुलाला मार्क देताना हात आपोआप ढिला पडतो.

भाषा आणि समाजशास्त्रात दोन प्रामाणिक तपासनीसांतही ८० मागे पाच-सहा मार्कांचा फरक पडतो, तो सोडून द्या. गणितात तेवढा पडू नये. तिथे पायऱ्यांचे मार्क बघा. उत्तर चुकलं पण रीत बरोबर, तर मार्क द्यायलाच हवेत, ती खैरात नव्हे. पण उदाहरण अर्ध्यावर सोडलंय आणि तरी पूर्ण मार्क आहेत, किंवा आकृतीला नावंच नाहीत आणि खाली बरोबरची खूण आहे, असं जागोजाग दिसलं तर शाळेची तपासणी खरोखर सैल आहे.

उलटही निघतं. काही जुन्या शाळा, विशेषतः मराठी माध्यमातल्या, नववीला मुद्दाम हात आखडून मार्क देतात, आणि त्या मुलांना बोर्डात शाळेपेक्षा जास्त मिळतात. शेजारच्या ९० वाल्या मुलाकडे बघून अशा ७० वाल्या मुलाला रागावणारे पालक मी बघितलेत. त्यांनी ही पायरी आधी करावी.

चौथी पायरी: बाहेरचा पेपर

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

नववीच्या मुलाला दहावीचा पेपर देण्यात अर्थ नाही. मग बाहेरचा पेपर आणायचा कुठून? नववीसाठी एनसीईआरटीची एक्झेम्प्लर, म्हणजे विचार करायला लावणाऱ्या सराव-प्रश्नांची, पुस्तकं आहेत, गणित आणि विज्ञानाची. ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि राज्य बोर्डाच्या मुलांनाही चालतात, कारण कर्नाटकाची माध्यमिकची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या बरीच जवळ आहेत. शिकवून झालेल्या प्रकरणांतले प्रश्न निवडून ४० मार्कांचा पेपर तुम्हीच बांधा. दहावीच्या मुलांसाठी केएसईएबीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या, संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका असतात. सीबीएसई दरवर्षी नमुना पेपर आणि त्यासोबत मार्क कसे द्यायचे याचा तक्ताही टाकतं. तो तक्ता फार कामाचा आहे. कोणत्या वाक्याला अर्धा मार्क आणि कोणत्या पायरीला एक, हे त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे विषय न येणारा पालकही बराचसा पेपर तपासू शकतो.

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी माझी शिफारस महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या पेपरांची. आपली मुलं त्या परीक्षेला बसत नाहीत, पण पाचवी आणि आठवीचे मराठी, गणित आणि बुद्धिमत्तेचे पेपर मिळतात आणि त्यांचा दर्जा चांगला आहे. नवोदयच्या प्रवेश परीक्षेचे जुने पेपरही चालतील, बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलसाठी सहावी आणि नववीच्या प्रवेशाला होणाऱ्या परीक्षेचेही. प्रवेश घ्यायचा नसला तरी पेपर सोडवायला हरकत काय? खाजगी कंपन्यांच्या ऑलिम्पियाडपासून मात्र सावध राहा. त्यांतल्या बऱ्याच परीक्षांत वर्गातल्या पहिल्या काही मुलांना पदक ठरलेलंच असतं, म्हणजे एका फुगवट्याची खात्री करायला आपण दुसरा फुगवटा आणला असं होतं.

पेपर घेण्याची रीत पाळा, नाहीतर सगळं फुकट. शाळेची परीक्षा संपल्यावर लगेच नको, मूल थकलेलं असतं, आणि सुट्टीच्या शेवटीही नको, तेव्हा ते विसरलेलं असतं. रविवारी सकाळी, पूर्ण वेळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शिकवून न झालेला भाग काढून टाका. मधे विचारलं तर सांगू नका, “येत नसेल तर सोड, पुढचं बघ” एवढंच. आणि एका पेपरवरून निकाल लावू नका. प्रत्येक विषयाचे निदान दोन पेपर, मधे दोन-तीन आठवडे. पहिल्या पेपरात अनोळखी मांडणीमुळेच काही मार्क जातात. दुसऱ्यात ते परत येतात आणि खरा आकडा दिसतो.

मुलाला आधी स्पष्ट सांगा की हे मार्क कुणाला दाखवायचे नाहीत, आत्याला नाहीत, शेजाऱ्यांना नाहीत, आणि यावरून मोबाइल काढून घेतला जाणार नाही. हे सांगितलं नाही तर मूल उत्तरं शोधून लिहील, आणि दोष तुमचाच असेल.

पाचवी पायरी: फरक वाचायचा कसा

एका वहीत तीन रकाने पाडा: शाळेच्या लेखी पेपरची टक्केवारी, दुसऱ्या तपासनीसाने त्याच पेपरला दिलेली, आणि बाहेरच्या पेपरची. अंतर्गत मार्क कुठेच धरायचे नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात फरक मोठा असेल तर तपासणी सैल आहे. पहिले दोन जुळतात पण तिसरा खाली आहे, तर पेपर सोपा किंवा आधीच फोडलेला आहे. तिन्ही जुळले तर शाळेचे आभार माना आणि वही बंद करा.

किती फरकाला काळजी करायची? माझा अंदाजाचा माप असा: तिसरा रकाना दहा टक्क्यांपर्यंत खाली असेल तर ते स्वाभाविक आहे, बाहेरचा पेपर अवघडच असतो. दहा ते वीसमध्ये एक-दोन विषय असतील तर त्या विषयांवर काम करावं लागेल. वीसच्या वर, तेही तीन-चार विषयांत, तर शाळेशी बोलायलाच हवं. समजा नववीत गणितात शाळेचे ८८ आणि बाहेरच्या दोन्ही पेपरांत ५५ च्या आसपास. असं मूल पीयूसीला सायन्स घेतं तेव्हा पहिल्याच युनिट टेस्टला हादरतं, आणि मग आई-बाप म्हणतात कॉलेज बिघडलं.

पुढचा हिशेब तिथेच असतो. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या सीईटी रँकमध्ये निम्मं वजन पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांना आणि निम्मं सीईटीला. नीटमध्ये तर बोर्डाचे मार्क धरतच नाहीत. २०२१ ला कोविडमुळे परीक्षा न देता पीयूसी पास झालेल्या मुलांचे मार्क २०२२ च्या सीईटीत धरायचे की नाही, यावरून प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. फुगलेले मार्क हातात असूनही त्या मुलांना न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत टांगून राहावं लागलं.

कन्नड आणि इंग्रजीचा वेगळा विचार

आपल्या भागातल्या मराठी घरांसाठी ही खास बाब. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना कन्नडमध्ये ८५-९० मार्क असतात आणि चिक्कोडीच्या बसवरची पाटी वाचता येत नाही. प्रश्नोत्तरं पाठ केली की भाषेत मार्क पडतात, म्हणून फुगवटा इथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दिसणारा. घरात कुणाला कन्नड लिहिता-वाचता येत नसलं की विचारणारंही कुणी नसतं.

तपासायला पेपर लागत नाही. कन्नड वर्तमानपत्रातली आठ-दहा ओळींची स्थानिक बातमी द्या. मोठ्याने वाचायला सांगा, मग काय झालं ते मराठीत सांगायला सांगा, आणि शेवटी त्यावर चार वाक्यं कन्नडमध्ये लिहायला सांगा. ओळखीच्या कन्नडभाषक शेजाऱ्यांना ती वाक्यं दाखवा, ते आनंदाने बघतील. इंग्रजीसाठीही हेच करा. एसएसएलसीत कन्नडचे मार्क एकूण टक्केवारीला खाली ओढतात असं ज्या घरांत ऐकू येतं, तिथे आठवीतच ही दहा मिनिटांची चाचणी घेतली असती तर दोन वर्षं हातात मिळाली असती.

सहावी पायरी: शाळेत जाऊन काय बोलायचं

“तुम्ही मार्क वाटता” असं म्हणत गेलात तर संभाषण तिथेच संपेल, आणि वर्गात पोराकडे बघायची नजर बदलेल. वही घेऊन जा. आधी विषयाच्या शिक्षकांना भेटा, नंतर सुपरवायझरना, आणि शेवटी प्रिन्सिपलना. शिक्षकांवर राग काढू नका. मार्क वाढवा असं वरून सांगितलेलं असतं, आणि खाजगी शाळेतल्या शिक्षकाची नोकरी किती पक्की असते ते सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवात अशी करता येईल: “मिस, गणितात ह्याला शाळेत ८८ आहेत, पण एक्झेम्प्लरचे प्रश्न दिले तर निम्मेच जमतात. हे दोन पेपर आणलेत. कुठे कमी पडतंय, तुम्ही एकदा बघाल का?” यात आरोप नाही, मदत मागितली आहे, आणि कागद समोर आहेत. चांगला शिक्षक त्या कागदांकडे बघतोच.

प्रिन्सिपलना विचारायचे प्रश्न वेगळे. वर्गाचा मधला मुलगा कितीवर आहे, म्हणजे मार्क उतरत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध कोण येतं? चाळीसच्या वर्गात पंचवीस मुलं नव्वदच्या वर असतील तर तो आकडा स्वतःच बोलतो. मागच्या दहावीच्या बॅचची लेखी सरासरी किती आणि अंतर्गत सरासरी किती? राज्य बोर्डाच्या आणि सीबीएसईच्या गुणपत्रिकेत दोन्ही वेगळे छापलेले असतात, त्यामुळे शाळेकडे ही माहिती असतेच. नावं नकोत, नुसती सरासरी द्या म्हणा. आणि तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि त्यांतली किती दहावीला या शाळेतून बसली?

१०० टक्के निकालाच्या फ्लेक्सचं रहस्य बहुतेकदा या तिसऱ्या प्रश्नात असतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्यामुळे चाळणी लागते ती नववीत. “ह्याला इथे झेपणार नाही, दुसरीकडे बघा” असं गोड शब्दांत सांगून टीसी हातात दिली जाते, किंवा दहावीचा फॉर्म बाहेरून भरायला सुचवलं जातं. आठवीत ६० आणि दहावीत ४७, तर गळालेल्या तेरांची चौकशी करा. काहींची बदली झाली असेल, काही कोल्हापूर-सांगलीकडे गेली असतील. सगळी तेरा नक्कीच नाहीत. वरून निवडून घेतलेली आणि मधे गाळून उरलेली मुलं चांगले मार्क आणतात यात शिकवण्याचं कौतुक किती, हे तुम्हीच ठरवा.

नवी शाळा शोधणाऱ्यांनीही प्रवेशाच्या वेळी हाच प्रश्न विचारावा. आणि तिथे चार वर्षांच्या पोराची “मुलाखत” घेत असतील तर माहीत असू द्या की त्याच कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायलाही मनाई केली आहे आणि कॅपिटेशन फी घ्यायलाही. किती शाळा ते पाळतात, हे बेळगावच्या पालकांना मी काय सांगणार.

सातवी पायरी: घरात

मुलाला “तुझे मार्क खोटे आहेत” असं कधी म्हणू नका. त्याने शाळेने मागितलं तेवढं केलं आहे. पेपर आणि वही दाखवा, कुठले प्रश्न नवे होते ते त्यालाच शोधू द्या. आठवड्याला एक तास असा ठेवा की ज्यात वहीतलं काहीही येणार नाही: एक्झेम्प्लरची पाच उदाहरणं, वर्तमानपत्रातला एक उतारा, आणि विज्ञानाचा एक “का” वाला प्रश्न ज्याचं उत्तर पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ट्यूशन लावायची घाई नको. “इम्पॉर्टंट” देणारी ट्यूशन म्हणजे तोच रोग पुन्हा, फक्त संध्याकाळी.

आठवी पायरी: लेखी मार्ग

इथवर यायची वेळ फार थोड्यांवर येते. बोलून काही झालं नाही तर प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एकच मागणी: अमुक विषयाची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळावी. दहा मुद्दे घातलेत तर एकाचंही उत्तर येत नाही. राज्य बोर्डाच्या शाळेबाबत पुढचं दार तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या (बीईओ) ऑफिसचं, बेळगाव शहर, ग्रामीण, खानापूर, निपाणी, चिक्कोडी जिथे शाळा असेल तिथलं. त्यावर जिल्ह्याचा शिक्षण उपसंचालक, म्हणजे डीडीपीआय. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत, चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला तर तो नुसता फिरत राहतो. सीबीएसईच्या शाळेबाबत त्यांचं बेंगळुरूचं विभागीय कार्यालय. अनुदानित शाळेकडून माहिती अधिकारात माहिती मागता येते. विनाअनुदानित शाळा थेट त्यात येत नाही, पण तिने बीईओकडे दिलेली पटसंख्या आणि निकालाची माहिती बीईओ ऑफिसकडून मागता येते. आठवी ते दहावीच्या गळतीचा आकडा शाळेने दिला नाही तर तो तिथून काढा.

दहावीचा निकाल लागल्यावर शाळेच्या आणि बोर्डाच्या मार्कांत फार अंतर पडलं तर पुनर्तपासणीचे पैसे भरण्याआधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्याच एका प्रकरणात मान्य केला आहे, आणि केएसईएबी व सीबीएसई दोघंही ठरलेली फी घेऊन प्रत देतात. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, म्हणून त्या आठवड्यात गावाला जायचा बेत ठेवू नका. प्रत आली की बोर्डाची आदर्श उत्तरं शेजारी ठेवून बेरीज आधी तपासा, मग न तपासलेलं पान राहिलंय का ते बघा, आणि त्यानंतरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायचा की पैसे वाचवून पीयूसीच्या पुस्तकांना घालायचे ते ठरवा.